आय अ‍ॅम नोइंग

लेक पाचवीत आहे, पण गृहपाठ मला असतो. परवा टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटावर अडकलो, तर हिने स्कूटरवर मागे बसूनच वही काढली. "बाबा, इथं सिंपल प्रेझेंट की कंटिन्युअस?"

नियम मला पाठ आहे. नेहमीचं ते सिंपल, आत्ता चाललेलं ते कंटिन्युअस. पण आम्ही मराठी शाळेतले. 'बेळगावात राहतो' म्हणा नाहीतर 'राहतोय' म्हणा, घरमालकाला भाड्याशी मतलब. इंग्रजीत मात्र 'आय अ‍ॅम लिव्हिंग' म्हटलं की मुक्काम तात्पुरता! चार पिढ्या बेळगावच्या शहापुरात गेल्या आणि मी तात्पुरता? (सीमाभागातल्या माणसानं हे वाक्य 1956 पासून जपूनच बोलावं.)

खरा घात केला तो 'आहे'नं. 'मला माहीत आहे' म्हटलं की हात आपोआप 'अ‍ॅम'कडे जातो. झालं, 'आय अ‍ॅम नोइंग'! वहीत लाल शेरा आला. जाणणं, आवडणं, असणं या स्थिती. त्यांना आयएनजीचं शेपूट लावायचं नाही. शेजारच्या अक्कांना ही भानगडच नाही. त्यांचं कन्नड 'गोत्तु', म्हणजे 'माहीत आहे', मी, तू, तो, सगळ्यांना एकच. नसेल तर 'गोत्तिल्ल', विषय संपला.

पुढची गाळलेली जागा उद्याच्या गाडीची. ती वेळापत्रकातली, म्हणून उद्याची असली तरी सिंपल, 'लीव्हज'. त्याखाली मामा. त्याचं येणं ठरलंय, म्हणून 'इज कमिंग'.

"पण मामा तीन रविवार झाले, इज कमिंगच आहे!"

यावर व्याकरणात उत्तर नाही. बायकोच्या भावाबद्दल माझ्याकडेही नाही.

तेवढ्यात मालगाडी आली. डबे संपता संपेनात. "पासेस की इज पासिंग?" "इज पासिंग," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा, छाती पुढे काढून.

शेवटचा डबा गेला. दोन्हीकडच्या गाड्या गुरगुरल्या, हॉर्न सुरू झाले. फाटक जागचं हललं नाही. गेटमननं खिडकीतून हात केला, "इन्नोंद बरतैतिरी!"

अजून एक येते, येतेय, येईल. तिन्ही त्यातच.

"बाबा, याचं इंग्रजी?"

मी स्कूटर बंद केली.