दादा, वकील लागतोच

माझा पुण्यातला चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यावर भयंकर चिडलेला आहे. दाखल रुग्णांची प्रकरणं तपासणारं पुनर्विलोकन मंडळ काय, मोफत वकील काय. आपल्याच माणसाला दवाखान्यात ठेवायला बाहेरच्यांची परवानगी कशाला? आपल्याकडे घरचे समर्थ आहेत! सोबत तो लॉस एंजेलिसच्या फुटपाथवरच्या तंबूंचा फोटो पाठवतो: ‘ही तुमच्या हक्कांची फळं.’ नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याला भराभर अंगठे मिळतात आणि कॅलिफोर्नियात याच कामावर पोट असलेली मी रात्रभर मनात उत्तरं जुळवत बसते.

मी पब्लिक डिफेंडर आहे, म्हणजे वकील न परवडणाऱ्यांची बाजू मांडणारी वकील. पगार काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, देते. माझे अशील म्हणजे 72 तासांच्या होल्डवर, म्हणजे मानसिक आजारामुळे इच्छेविरुद्ध रुग्णालयात आणलेली आणि मग 14 दिवसांसाठी ठेवून घेतलेली माणसं. चार दिवसांच्या आत सुनावणी होते, तीही रुग्णालयातच. डॉक्टर सांगतात, हा स्वतःचं अन्न, वस्त्र, निवारा बघू शकत नाही. मी विचारते: काल जेवला का? राहायला जागा आहे का? बहीण घरी न्यायला तयार आहे, तिला कुणी फोन केला का? कारण जबाबदार नातेवाइकाने ‘मी सांभाळतो’ असं लेखी दिलं आणि त्या आधारावर माणूस सुखरूप राहू शकत असेल, तर निव्वळ या कारणावरून त्याला अडकवता येत नाही. दादा, कुटुंब इथल्याही कायद्यात आहे. ते माणसाला सोडवायला येतं.

अशिलाच्या भल्याचं काय, हे मी तिथे मांडत नाही. ते बघायला डॉक्टर असतात, नर्स असतात, बाहेर रडणारी आई असते. त्याला स्वतःला काय हवंय, ते सांगणारी फक्त मी असते. अनेकदा हरते. पण त्याचं म्हणणं नोंदलं जातं आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं. वर्षभराची कॉन्झर्वेटरशिप, म्हणजे त्याचे निर्णय घेणारा दुसराच कुणी, लादायची असेल, तर अशील ज्युरी मागू शकतो आणि खुनाच्या खटल्याइतकाच कडक पुरावा लागतो. दादाला हा अतिरेक वाटतो. वर्षभराचं स्वातंत्र्य जातं तिथे मला तो कमीच वाटतो.

राहिले तंबू. मोठी मनोरुग्णालयं रिकामी झाली, वस्तीत मिळायचे ते उपचार पुरेसे आलेच नाहीत, आणि भाडी गगनाला भिडली. त्या तंबूंमधले कितीतरी जण मनोरुग्ण नाहीतही.

आणि घरचे समर्थ? 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडीला, मनोरुग्णांना ठेवायच्या जागी, आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले 28 जण मेले. अशा माणसांना तिथे घरच्यांनीच आणून सोडलेलं असायचं, बरं व्हावं म्हणून.

ज्याला दादा पाश्चात्त्य थेर म्हणतो, तो कायदा आपल्या संसदेने केलेला आहे. कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवता येतं, आपला प्रतिनिधी आपण निवडता येतो. इच्छेविरुद्ध दाखल केलं तर आधी 30 दिवसांचीच मुदत, आणि मंडळाला कळवायचं: स्त्री असेल तर तीन दिवसांत, पुरुष असेल तर सात. मोफत वकील मिळतो हे रुग्णाला सांगणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. हे सगळं मला अभिमानाने सांगावंसं वाटतं, आणि दादाला त्याचीच लाज वाटते.

पण त्याचा धाकटा भाऊ, माझाही भाऊच, कित्येक वर्षं आजारी आहे. रात्री दार उघडून तो निघून गेला की दादा स्कूटर काढून शोधत फिरतो. मी शनिवारी व्हिडिओ कॉल करते. मागच्या भांडणात दादा म्हणाला, ‘तू ये, दोन महिने राहा, मग हक्क सांग.’ मी तारखांचं सांगितलं, रजेचं सांगितलं. ते खरंही होतं.

उद्या दाखल करायची वेळ आली तर अर्जावर सही दादाच करील, आणि प्रेमानेच करील. त्या दिवशी भावाशेजारी आणखी एक जण बसलेला असावा, रात्री नीट झोपून आलेला, फक्त त्याचं ऐकणारा. ते मला जमणार नाही. माझी सनद इथली आहे, आणि त्या घरात मी आता पाहुणी आहे.