भेगाळणाऱ्या मातीत खड्डा वरून रुंद ठेवू नका

मामांचा फोन आला तेव्हा त्यांचे अकरा खड्डे खोदून झाले होते. कुंपणाचे खांब आयुष्यभर हलणार नाहीत अशी हमी देणारा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे, तो त्यांनी जसाच्या तसा खरा मानला होता. त्यात पाच सूचना आहेत. खांब कितीही उंच असो, दीड फूट खोली पुरते. काळ्या, भेगाळणाऱ्या मातीत खड्डा नरसाळ्यासारखा वरून रुंद आणि खाली निमुळता ठेवून काँक्रीटने भरावा. वाळवी लागू नये म्हणून तळाशी दोन मुठी मीठ टाकावे. जमीन कडक असेल तर आदल्या रात्री खड्ड्यात पाणी भरून ठेवावे. आणि सिमेंटशिवाय कोणताही खांब टिकत नाही. यांतली दुसरी सूचना सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

काळ्या मातीतले माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. वरून रुंद, खाली निमुळत्या काँक्रीटच्या बाजू तिरप्या असतात आणि त्या मातीकडे खालच्या अंगाने तोंड करून असतात. पावसात माती फुगली की ती याच तिरप्या बाजूंना खालून रेटते आणि खांबासकट सगळा गोळा वर उचलते. उन्हाळ्यात माती आकसून मागे सरते, गोळ्याखाली पोकळी राहते, तिच्यात ढेकळे आणि भुगा घसरून पडतो, आणि त्यामुळे खांबाला पुन्हा मूळ जागी बसता येत नाही. दर वर्षी थोडाथोडा वर येत तो शेवटी कलतो, तारा सैल पडतात, आणि दोष मात्र खांबाला दिला जातो. ज्याने हे लिहिले त्याने एकाही काळ्या रानातले चार वर्षे जुने कुंपण नीट पाहिलेले नसावे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

या मातीत आकार नेमका उलटा हवा, आणि हे काही माझे मत नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीतील इमारतींसाठी जे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले पायाचे काँक्रीटचे खांब, विकसित केले, त्यांचा बुंधा सरळ आणि तळाजवळचा फुगवटा बुंध्याच्या साधारण अडीचपट रुंद असतो. वरची माती फुगून बुंध्याला वर ओढू लागली, तरी खालच्या, ओलावा फारसा न बदलणाऱ्या थरात रुतलेला हा फुगवटा त्याला धरून ठेवतो. भारतीय मानकात अशा पाइलची किमान लांबी साडेतीन मीटर सांगितली आहे. कुंपणासाठी एवढे खोल कोणी खणणार नाही, खणण्याची गरजही नाही. पण तत्त्व तेच राहते. खड्ड्याचे तोंड अरुंद ठेवावे, तळ पहारीने चहूबाजूंनी कोरून रुंद करावा, आणि वरच्या फूटभर भागात काँक्रीटभोवती जाड प्लॅस्टिकचा कागद गुंडाळावा, म्हणजे फुगणारी माती काँक्रीटला न पकडता त्यावरून घसरते.

दीड फूट खोलीच्या सूचनेचा निकाल मामांच्या पहिल्याच खड्ड्यात लागला. भिंतीत एक उभी भेग दिसत होती. तिच्यात लोखंडी सळई सरकवली, तर ती खड्ड्याच्या तळाच्याही खाली हातभर गेली. म्हणजे खांब ज्या मातीवर उभा राहणार होता, तीच दर वर्षी फाटणारी होती. खांबाच्या एकूण लांबीचा चौथा ते तिसरा हिस्सा जमिनीत असावा, हा जुना ठोकताळा आहे. मामांच्या सात फुटी खांबांना निदान सव्वादोन फूट खोली हवी, आणि तारांचा ताण सोसणाऱ्या कोपऱ्याच्या खांबांना त्याहून जास्त खोली आणि तिरका टेकूही हवा.

मिठाविषयी फार लिहिण्याची गरज पडू नये. मामांचे खांब सिमेंटचे आहेत, त्यांना वाळवी लागतच नाही. उलट मिठातील क्लोराइड आतल्या सळईवरचे संरक्षक कवच मोडते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, आणि खांब आतून तडकतो.

पाणी भरून ठेवण्याच्या सूचनेत अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. कोरड्या, घट्ट मुरमात रात्रभर पाणी मुरले की सकाळी पहार खरोखर सोपी चालते. काळ्या मातीत मात्र भिंती फुगतात, गाळ फावड्याला चिकटतो, आणि फुगलेल्या मातीत ओतलेल्या काँक्रीटभोवती ती वाळल्यावर फट पडते. सिमेंटशिवाय खांब टिकत नाही, हे तर सरसकट खोटे आहे. मुरमाड जमिनीत मधल्या खांबांभोवती खडी आणि मुरूम अर्ध्या अर्ध्या फुटाच्या थरांनी भरून, प्रत्येक थर धुम्मसाने नीट ठोकला, तर खांब घट्ट बसतो. फाटकाच्या आणि कोपऱ्याच्या खांबांना काँक्रीट द्यावे.

मामांच्या अकरापैकी तीन खड्ड्यांत मीठ पडले होते. ती माती खरवडून दूर टाकली. तोंडे आधीच रुंद झाल्यामुळे अकराही खड्डे बुजवले, आणि दोन हात बाजूला, न हललेल्या मातीत, नव्या खुणा करून दिल्या आहेत.