पोटरी बारीक झाली म्हणजे आतड्यात गाठ? नाही!

"पायाचं मांस झडलं की समजा आतड्यात गाठ झाली, रोज प्रोटीन पावडर घ्या." हा मेसेज आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा फिरला. काल शेजारच्या काकू पोटरीला शिवणाची टेप गुंडाळून बसल्या होत्या, डोळ्यांत पाणी. म्हणून हा खुलासा.

स्नायू कमी असलेल्यांमध्ये मोठ्या आतड्यातले पॉलिप (म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर येणाऱ्या लहान गाठी) जास्त आढळल्याचे काही अभ्यास आहेत, हे खरं. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. बैठं काम, पोटावरची चरबी, मधुमेह, वाढतं वय यांचा संबंध दोन्हींशी आहे. स्नायू तर तिशी-चाळिशीनंतर सगळ्यांचेच हळूहळू घटतात. पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण 10 वर्षं लागतात, आणि बहुतेक पॉलिपचा तो होतही नाही. पावडरीने पॉलिप टळतो याला पुरावा नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. रोजचं चालणं, व्यायाम मात्र आतड्याच्या कर्करोगाचा धोका खरोखर कमी करतो.

काकू, टेप ठेवा डब्यात. शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत बदल, कारण नसताना घटलेलं वजन किंवा रक्त कमी होणं, यातलं काही असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. "मूळव्याध असेल" म्हणून अंगावर काढू नका.