इग्वाना घालवायला डांबरगोळ्या टाकू नका

‘फ्लोरिडातल्या प्रत्येक मराठी घरासाठी’ म्हणून बागेतले हिरवे इग्वाना, म्हणजे झाडपाला खाणारे मोठे सरडे, ‘न मारता’ घालवायचे सहा उपाय सांगणारा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. परवा तो मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने डांबरगोळ्यांची तीन पाकिटं मागवली. तिच्या घरात दीड वर्षाचं मूल आहे आणि ते हाताला लागेल ते तोंडात घालतं. म्हणून पहिल्या उपायाबद्दल सविस्तर लिहितो, बाकीचे भराभर उरकतो.

उपाय पहिला: ‘वाफ्यांभोवती आणि बिळांत डांबरगोळ्या टाका, वासाने इग्वाना परत येणार नाही.’ डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन किंवा पॅराडायक्लोरोबेंझिन. दोन्ही कीटकनाशकं आहेत आणि काम करतात ती फक्त घट्ट बंद पेटीत, जिथे त्यांची वाफ कोंडून राहते. उघड्या बागेत ती वाफ वाऱ्यावर उडून जाते. इग्वाना दोन फुटांवर बसून निवांत पानं खात राहतो. नुकसान मात्र सगळं आपलं. पांढरी, चकचकीत गोळी लहान मुलाला पेपरमिंटसारखी दिसते आणि कुत्र्यालाही ती खायचीच वस्तू वाटते. नॅप्थलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ज्यांच्यात जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांना हा धोका फार मोठा असतो, आणि ही कमतरता आपल्याकडेही आढळते. बिळात टाकलेल्या गोळ्या तर आणखी वाईट, कारण बीळ बहुधा पॅटिओच्या किंवा घराच्या पायाच्या खालीच असतं आणि ती वाफ फटींतून घरात येते. मागे कालवा असेल तर पावसाबरोबर हे विष पाण्यात उतरतं आणि माशांना बाधतं. शिवाय अमेरिकेत कीटकनाशक लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा वेगळ्या प्रकारे वापरणं हा गुन्हा आहे, आणि डांबरगोळ्यांच्या लेबलवर बागेत टाका असं कुठेही लिहिलेलं नसतं. कुणी टाकल्या असतील तर हातमोजे घालून आजच्या आज वेचून काढा. मुलाने गोळी तोंडात घातल्याची शंका जरी आली तरी पॉइझन कंट्रोलला, म्हणजे विषबाधेच्या हेल्पलाइनला, १-८००-२२२-१२२२ वर फोन करा, लक्षणं दिसायची वाट पाहू नका.

बीळ बंद करायचंच असेल तर त्याची रीत आहे. आधी ते कुणाचं आहे ते बघा. तोंड अर्धचंद्रासारखं, खाली सपाट आणि वर कमानदार, आणि पुढे वाळूचा पसारा असेल तर ते गोफर कासवाचं असू शकतं. कासव आणि त्याचं बीळ दोन्हींना कायद्याचं संरक्षण आहे, तिथे हात लावू नका. इग्वानाचं असल्याची खात्री झाली की वर्तमानपत्राचा सैल बोळा तोंडात कोंबा. उन्हाचे दोन-तीन दिवस बोळा जसाच्या तसा राहिला तर आत कुणी नाही असं धरायला हरकत नाही. मग खडी आणि माती थराथराने ठोकून भरा, वर तारेची जाळी पसरून कडा खिळ्यांनी जमिनीत पक्क्या करा. नुसती वाळू ओतलीत तर आठवड्यात पुन्हा उकरलेली दिसेल, कारण मादीला अंडी घालायला भुसभुशीत वाळूच हवी असते. एक मादी १४ ते ७६ अंडी घालते. म्हणून हे काम विणीच्या हंगामाआधी, हिवाळ्याच्या सुरुवातीलाच उरका. नंतर बुजवलंत तर पिल्लं आत गुदमरतील, आणि मग ‘न मारता’ला अर्थ राहत नाही.

उपाय दुसरा: ‘पिंजऱ्यात पकडून लांबच्या पार्कात सोडा, पुण्य लागेल.’ हे बेकायदा आहे. फ्लोरिडाच्या फिश अँड वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन कमिशनने २०२१ साली हिरव्या इग्वानाला प्रतिबंधित प्राण्यांच्या यादीत घातलं. पकडलेला इग्वाना दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही. या विषयात वाचण्यासारखं एकच काही असेल तर ते याच कमिशनचं पान, खालचे बरेचसे उपायही तिथलेच आहेत. दयाच करायची असेल तर पिंजरा लावूच नका, बागच त्याला नकोशी करा.

तिसरा, अल्ट्रासाउंडचं यंत्र: हा आवाज २०,००० हर्ट्झच्या वरचा असतो. इग्वानाला त्याच्या आसपासचंही काही ऐकू येत नाही. पैसे वाचवा. चौथा, अंड्यांची टरफलं: हा पालींसाठी फिरणारा सल्ला इथे उचलून चिकटवलाय. घरातली पाल किडे खाते, इग्वाना पाला आणि फुलं खातो. टरफलांशी दोघांचंही काही देणंघेणं नाही. पाचवा, प्लास्टिकचं घुबड: हलत नाही हे इग्वानाच्या चार दिवसांत लक्षात येतं.

सहावा, जुन्या सीडी टांगा आणि पाणी मारा. यात तथ्य आहे, हे मान्य करावं लागेल. कमिशनही हेच सुचवतं, त्यात वाऱ्यावर वाजणाऱ्या घंटाही आहेत. पण मेसेजमधलं ‘एकदा लावा आणि विसरा’ हे खोटं. सीडी एकाच फांदीला महिनाभर लटकत राहिली तर तिचा धाक संपतो. दर आठवड्याला जागा बदला. पाणी मारायचं ते सकाळी, तो ऊन खायला बसतो त्या ठरलेल्या जागी. अंग तापवायला आलेला प्राणी रोज थंड पाण्याने भिजला की जागा बदलतो. हालचाल टिपून आपोआप फवारणारा स्प्रिंकलर मिळतो, तो तिकडे रोखून ठेवा.

मेसेजमध्ये जे अजिबात नाही तेच सगळ्यात उपयोगी: त्याला ओढून आणणारी झाडं. देवाच्या फुलांसाठी हौसेने लावलेली जास्वंद हे त्याचं अत्यंत आवडतं खाणं, ऑर्किड आणि गुलाबही तसेच. क्रोटन, पेंटास, लिंबाच्या जातीची झाडं याकडे तो सहसा फिरकत नाही. जास्वंद सोडवत नसेल तर तिला अर्धा इंच भोकांच्या जाळीचा पिंजरा करा. मोठ्या भोकांतून पिल्लं सहज आत शिरतात. जाळी फूटभर जमिनीत गाडून खालची कड बाहेरच्या बाजूला वळवा, आणि वरून झाकण हवंच, कारण हा प्राणी चढण्यात पटाईत आहे. मोठ्या झाडाच्या खोडाला किमान दीड फूट रुंद, गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळा. तो जमिनीलगत नको, मोठा नर पाच फुटांहून लांब असतो आणि उभा राहून पंजा वर पोहोचवतो. पट्टा कंबरेच्या उंचीवर बसवा आणि खोड जाड होईल तसा सैल करत राहा. कुंपणाला किंवा छपराला टेकलेली फांदी छाटायला विसरलात तर पत्रा असून नसल्यासारखाच, तो फांदीवरूनच झाडावर येईल.