ऑल व्हील ड्राइव्ह हवी ना? मग मॅन्युअल विसरा!

२०११ साली महिंद्राची एक्सयूव्ही५०० आली, तेव्हा ऑल व्हील ड्राइव्ह मिळायची ती सहा गिअरच्या मॅन्युअलसोबत. २०२१ ला तिची वारसदार एक्सयूव्ही७०० आली आणि चारही चाकं चालवायची असतील तर डिझेल ऑटोमॅटिकच घ्या, असा मामला झाला. दोन्ही गाड्या चाकणच्याच. मग दहा वर्षांत चाकणचे इंजिनिअर मॅन्युअल गिअरबॉक्सला मागच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट जोडायचं विसरले की काय?

विचारलं की हमखास उत्तर मिळतं: क्लच टिकत नाही. हे कारण खोटं नाही. नुसत्या पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्या चढावर जोरात उचलली, की चाकं जागेवर गरगरतात. दिसायला वाईट, पण इंजिनचा जास्तीचा जोर त्या घसरण्यात निघून जातो. चारही चाकांनी जमीन घट्ट धरली, की घसरायला एकच जागा उरते, ती म्हणजे क्लच प्लेट. कोकणातल्या लाल मातीच्या चढावर कोणी हाफ क्लचवर गाडी लटकवत ठेवली, की येणारा तो जळका वास ज्याने घेतलाय त्याला जास्त सांगायला नको. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात हा सगळा ताण तेल झेलतं. शिवाय गाडी जागची हलताना तो इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, दुपटीच्या आसपास वाढवूनही देतो.

थार, गुरखा, स्कॉर्पिओ-एन यांना लो रेंज असते, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारा जादा गिअर, त्यामुळे त्यांच्या फोर बाय फोरमध्ये मॅन्युअल सुखाने नांदतो. लो घातला की क्लचला फार काम उरत नाही. शहरी एसयूव्हींना ही सोय नसते.

पण यावरही तोड होती! २०१४ च्या रेनो डस्टरच्या ऑल व्हील मॉडेलमध्ये पहिला गिअर इतका छोटा ठेवला होता की सपाट रस्त्यावर लोक थेट दुसऱ्यावर गाडी उचलायचे. लो रेंज नाही, तर पहिल्या गिअरलाच जवळपास ते काम दिलं. स्वस्त आणि मस्त. टाटा हेक्साची फोर बाय फोर फक्त मॅन्युअलमध्ये होती, ऑटोमॅटिक घेणाऱ्याला टू व्हील ड्राइव्हवरच समाधान मानावं लागायचं. रांजणगावची जीप कंपास २०१७ ला आली तेव्हा तिचीही फोर बाय फोर डिझेल मॅन्युअलच होती. आणि मारुतीची ग्रँड विटारा? २०२२ मध्ये ऑल व्हील मिळायची ती फक्त पाच गिअरच्या मॅन्युअलला. म्हणजे जमत नाही हा मुद्दा निकालात निघाला.

खरं दुखणं व्हेरिएंटच्या तक्त्यात आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह यांची जोडी बदलली की पुन्हा ट्यूनिंग, पुन्हा चाचण्या, पुन्हा प्रमाणपत्रं. मॅन्युअलच्या केसिंगला मागे ताकद नेणारा जोड बसवायचा, त्याचे सुटे भाग वर्षानुवर्षं गोदामात ठेवायचे, आणि गाड्या खपणार मूठभर. हिशेब बघणारा माणूस पहिली काट तिथेच मारणार. त्यात आता आडास (ADAS) आलं, म्हणजे कॅमेरे आणि रडारच्या जोरावर ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा. पुढची गाडी थांबली की आपली थांबवणारा आणि पुन्हा चालू करणारा क्रूझ कंट्रोल मॅन्युअलमध्ये कसा चालवणार? गाडी बंदच पडेल.

इथवर मी कंपन्यांची बाजू समजू शकतो. राग येतो तो पुढच्या चलाखीचा. ऑल व्हील ड्राइव्ह आधी फक्त सगळ्यात महागड्या मॉडेलला द्यायची. ते घेणारा माणूस रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकणारा, तो ऑटोमॅटिकच मागणार. मग आकडे दाखवून सांगायचं, “बघा, मॅन्युअलला मागणीच नाही!” अहो, मधल्या मॉडेलमध्ये ठेवून तर बघा. ज्याचं शेत घाटाखाली आहे, ज्याला सनरूफ नको आणि गार हवेची सीटही नको, तो गिऱ्हाईक तुमच्या तक्त्यात कधी धरलाच नाही.

हे फक्त आपल्याकडेच चाललंय असंही नाही. ऑल व्हीलसाठीच ओळखल्या जाणाऱ्या जपानी सुबारू कंपनीनेही अमेरिकेत फॉरेस्टर आणि क्रॉसट्रेकमधून मॅन्युअल काढून टाकला. राहिला तो डब्ल्यूआरएक्ससारख्या शौकिनांच्या गाडीत. आपल्याकडे २०२५ मध्ये ग्रँड विटाराच्या ऑल व्हीलला सहा गिअरचा ऑटोमॅटिक आला, आणि त्याच वर्षीच्या मारुतीच्याच व्हिक्टोरिसला तर ऑल व्हील फक्त ऑटोमॅटिकमध्येच. टाटाच्या विजेवरच्या हॅरियर ईव्हीत पुढे एक मोटर, मागे एक मोटर. गिअर टाकायचा प्रश्नच मिटला.

तेव्हा लो रेंजची दणकट गाडी नको आणि तरी क्लचचा तिसरा पेडल हवाच, असं असेल तर जुन्या बाजारात डस्टर, हेक्सा किंवा सुरुवातीची कंपास शोधा. घेण्याआधी चढावर तीन-चारदा उचलून क्लच घसरतोय का ते बघा, चारही टायर सारखेच झिजलेत ना ते तपासा, आणि गाडी रॅम्पवर चढवून मागच्या डिफरन्शियलपाशी (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यापाशी) तेल गळतंय का ते टॉर्च मारून स्वतः बघा. विकणारा “साहेब, टाकाटक आहे” म्हणेलच.