मागे साठलेली रांग

महाराष्ट्रात एखादा भीषण अपघात झाला, किंवा ओव्हरटेक करू दिलं नाही म्हणून गाडी आडवी घालून कुणाला मारल्याचा व्हिडिओ फिरला, की पुढचे चार दिवस त्याच दोन बाजू ऐकू येतात. एक म्हणते, दंड वाढवा, कॅमेरे लावा, आत टाका. दुसरी म्हणते, आपल्या लोकांना शिस्तच नाही, परदेशात जाऊन बघा. या दुसऱ्या बाजूच्या मदतीला मला हमखास ओढलं जातं, कारण मी न्यूझीलंडमध्ये राहते आणि सुट्ट्यांमध्ये मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन इथल्या रस्त्यांवर फिरते. ‘तुमच्याकडे कसं सगळे शिस्तीत चालवतात’ या वाक्याला हो म्हणून गप्प बसणं आता मला जमत नाही.

सगळे शिस्तीत चालवत नाहीत. वेस्ट कोस्टवर हास्टकडून होकिटिकाकडे जाणारा सहा नंबरचा हायवे घ्या, किंवा टे आनाऊहून मिलफर्डकडे जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना एकेक लेन, वळणावर वळण, मधेमधे एका वेळी एकच गाडी जाईल असे पूल. अशा ठिकाणी मोटरहोमच्या मागे एखादी पिकअप इतकी चिकटते की आरशात तिचे दिवेसुद्धा दिसत नाहीत, नुसता टप दिसतो. अप्पर-डिप्पर सुरू होतं. इथे हॉर्न क्वचित वाजतो, आणि वाजतो तेव्हा बहुतेक वेळा रागानेच. आपल्या बाजूला अखंड पिवळी रेषा असेल तर ओव्हरटेकला मनाई असते. तिथेही लोक गाडी पुढे काढतात आणि समोर शिरून मुद्दाम ब्रेक मारतात. २०१५ मध्ये तर काही स्थानिकांनी परदेशी पर्यटकांच्या गाड्यांच्या किल्ल्या भर रस्त्यात काढून घेतल्या होत्या. पर्यटक धोकादायक चालवत होते असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यावर इथे मोठा वाद झाला. मोटरहोमच्या काचेमागे माझ्यासारखा सावळा चेहरा दिसला की मागच्याला काय वाटत असेल, हा विचार तेव्हापासून पूर्णपणे गेलेला नाही.

आकड्यांतही हा देश आदर्श नाही. २०२३ मध्ये इथे रस्त्यांवर ३४१ माणसं गेली. लोकसंख्या सुमारे ५२ लाख, म्हणजे दर लाखामागे साडेसहा. भारतात २०२२ मध्ये १,६८,४९१ मृत्यू झाले, म्हणजे लाखामागे सुमारे बारा. स्वीडन आणि नॉर्वे दोनच्या आसपास आहेत. त्यांच्या तुलनेत न्यूझीलंड बरंच मागे आहे, आणि वेगमर्यादा कमी कराव्यात की पुन्हा वाढवाव्यात यावर इथलं राजकारणही तापतं. तेव्हा परदेश म्हणजे शिस्त आणि आपण म्हणजे बेशिस्त, ही मांडणी मला मान्य नाही. माणसं इथलीही चिडतात. फरक मला दिसतो तो चिडण्याच्या आधीच्या पाच मिनिटांत.

ती पाच मिनिटं सगळ्यांत पुढे चाललेल्या गाडीच्या हातात असतात. इथल्या २००४ च्या रस्ते नियमांत सरळ लिहिलंय की ज्या चालकाच्या वेगामुळे मागची वाहतूक अडते आहे, त्याने शक्य तितक्या लवकर शक्य तितकं डावीकडे सरून मागच्यांना जाऊ द्यायचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने तर आकडाच ठरवून दिलाय: दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करणं सुरक्षित नसेल आणि हळू चाललेल्या गाडीमागे पाच किंवा जास्त गाड्या साठल्या, तर पुढच्या सोयीच्या जागी बाजूला व्हायचं. मागे कोण आहे, तो सभ्य आहे की गुंड, त्याला घाई कसली आहे, यातलं काहीही कायदा विचारत नाही. रांग तुमच्यामुळे झाली आहे, ती तुम्ही सोडवा, एवढंच तो सांगतो.

आणि सांगून थांबत नाही, त्यासाठी जागाही देतो. चढावर पासिंग लेन, म्हणजे ओव्हरटेकसाठी जादा लेन, असतात. वळणाच्या रस्त्यांवर हळू चालणाऱ्या गाड्यांसाठी छोटे डांबरी खिसे असतात आणि ते येणार असल्याची पाटी बरीच आधी लावलेली असते. मोटरहोम चालवणाऱ्याला या पाट्या म्हणजे मोठा आधार. आमच्यासारख्या साडेतीन टनांच्या वरच्या गाडीला मोकळ्या रस्त्यावरही ताशी ९० ची मर्यादा आहे, साध्या मोटारींना १००. उंच पेटी असल्याने वाऱ्याचा झोत आला की गाडी सरकते, वळणावर कलते, आतलं पाणी आणि सामान मिळून ब्रेक लागायला अंतर जास्त घेते. आम्ही हळू असणारच. त्यात काही चूक नाही. हळू असून वाट अडवून ठेवणं ही चूक आहे.

इथे थोडा हिशेब करावासा वाटतो, कारण तो कुणी समजावून सांगत नाही. माझी गाडी ९० ने चालली आहे आणि मागचा १०० ने मला ओलांडू पाहतोय. गाड्यांची लांबी आणि पुढचं-मागचं सुरक्षित अंतर धरलं तर त्याला माझ्यापेक्षा साधारण ६० मीटर जास्त कापायचे आहेत. वेगातला फरक ताशी फक्त १०, म्हणून त्याला २० सेकंदांहून जास्त लागतात, आणि तेवढ्यात तो सुमारे ६०० मीटर रस्ता उलट्या लेनमध्ये असतो. समोरूनही कुणी १०० ने येत असेल तर त्याला सव्वा किलोमीटर मोकळा रस्ता दिसायला हवा. असा सरळ रस्ता डोंगरात कुठून येणार? आता मी सरळ पट्ट्यावर पाय हळूहळू सैल करून गाडी ७० वर आणली, तर त्याच माणसाचं तेच काम सात सेकंदांत आणि सुमारे २०० मीटरमध्ये होतं. माझी काही सेकंदं गेली. तो उलट्या लेनमध्ये असण्याचा वेळ मात्र एक तृतीयांश उरला. आणि त्याची धडक मला चुकणार नसते, कारण तो माझ्याच शेजारी असतो.

याच्या नेमकं उलट वागणारे चालक इथेही आहेत आणि त्यांचा मला खरा राग येतो. वळणांवर ६० ने रांगतात, आणि पासिंग लेन आली, रस्ता रुंद झाला की हायसं वाटून १०० ला जातात. मागची रांग तशीच राहते, फक्त आता ती संतापलेली असते. पुढच्या वळणावर त्यातला एखादा जी जीवघेणी उडी घेतो, त्यात त्याचा दोष आहेच, पण तो एकट्याचा नाही.

अर्थात काही जण वाट दिली तरी शांत होत नाहीत. कुणी पुढे जाऊन अडवतं, कुणी मागेच राहून छळतं. अशा वेळी माझी पद्धत ठरलेली आहे. वेग वाढवायचा नाही, कारण त्याच्या धाकाने घेतलेलं वळण मलाच महागात पडेल. धडा शिकवायला ब्रेक मारायचा नाही. घाईने डांबर सोडून कडेच्या खडीवर चाक घालायचं नाही. एवढ्या उंच गाडीचं चाक वेगात मऊ कडेला गेलं तर ती उलटू शकते. इंडिकेटर देऊन ‘जा आता’ अशी खूण करणंही मी टाळते, कारण समोरचा रस्ता त्याच्यासाठी मोकळा आहे की नाही याची हमी माझी असू शकत नाही. दारं लॉक, काच वर, खाली उतरायचं नाही, निर्जन जागी थांबायचं नाही, जवळचं गाव किंवा पेट्रोल पंप गाठायचा. शेजारी बसलेल्याने नंबर टिपायचा आणि पोलिसांच्या *५५५ या रस्त्यासाठीच्या क्रमांकावर कळवायचं. जिवावर बेतत असेल तर थेट १११. तक्रार करायला वेगळी, सोपी जागा आहे हे माहीत असल्यामुळे हिशेब रस्त्यावरच चुकता करावा असं वाटत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता घरच्या चर्चेकडे येते. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे जे मोठे वाद झाले ते बहुतेक सगळे शिक्षेचे आहेत. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने दंड वाढले आणि महाराष्ट्राने ते बराच काळ लांबवून डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. जानेवारी २०२४ मध्ये अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या कैदेच्या तरतुदीवर ट्रकचालकांनी चाकं थांबवली, आणि ती तरतूद लागू करणं सरकारने पुढे ढकललं. मग एक्सप्रेसवेवरचे कॅमेरे आले, ई-चलनाविरुद्ध वाहतूकदारांचा संप झाला. शिक्षा हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हे सगळं घडून गेल्यानंतरचं आहे. दोन गाड्यांमध्ये भांडण पेटायच्या आधी पुढच्याने काय करायचं, हा प्रश्न या एकाही वादात आलेला मी ऐकला नाही.

‘हॉर्न ओके प्लीज’चंच बघा. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ते शब्द ट्रकांवर रंगवायला बंदी घातली, कारण त्यामुळे हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं. आवाज कमी व्हावा हे योग्यच. पण त्या शब्दांत साईड मागण्याची एक मोडकीतोडकी व्यवस्था होती. ती पुसली आणि त्या जागी साईड देण्याची सवय काही लावली नाही. ओव्हरटेक होत असताना पुढच्याने वेग वाढवू नये, हा नियम आपल्या पुस्तकात आहे. लायसन्स मिळाल्यावर कुणी त्याची आठवण करून देत नाही.

यावर घरून येणारं उत्तर मला पाठ आहे: आपल्या लोकांना हे जमणार नाही. का जमणार नाही? घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं, हे आपल्याकडे नियमातही आहे आणि अरुंद घाटांत ते पाळलं जाताना मी लहानपणापासून पाहिलंय. एसटीचा ड्रायव्हर उतारावर कडेला घेऊन थांबतो आणि खालून येणारा भरलेला ट्रक हात करून निघून जातो. तिथे कुणाची मान खाली जात नाही. कोणी थांबायचं हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून ताकद दाखवायची गरजच उरत नाही. हीच माणसं चार किलोमीटर पुढे सपाटीवर एकमेकांच्या अंगावर गाड्या घालतात, कारण तिथे काहीच ठरलेलं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो मला खरंच विचार करायला लावतो. मागून दिवे मारणाऱ्याला वाट देणं म्हणजे गुंडगिरीला शरण जाणं नाही का? महागडी गाडी असलेला प्रत्येक जण मग तेच करेल. मला वाटतं, वाट कधी दिली यावर हे अवलंबून आहे. दिवे मारल्यावर दिली तर ती धाकाने दिल्यासारखी होते. आरशात रांग दिसताच, कुणी काही करायच्या आधी दिली तर दिवे मारायचं कारण संपतं. शिवाय त्या चिडलेल्या माणसाच्या मागे चार गाड्या गुपचूप चाललेल्या असतात. मी बाजूला होते ती त्यांच्यासाठीही.

पण न्यूझीलंडचा नियम जसाच्या तसा उचलून आणला तर अन्याय होईल, हेही मला दिसतं. महाराष्ट्रात सगळ्यांत हळू गाडी सुट्टीवर निघालेल्या कुटुंबाची नसते. गळीत हंगामात ती उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची असते. त्याने कुठे सरायचं? डांबराची कड तुटलेली, खाली हातभर खळगा, अंधारात साइडपट्टीचा अंदाज नाही. सरला तर ट्रॉली पलटी होणार, नाही सरला तर मागचा चुकीच्या जागी ओव्हरटेक करणार. अशा माणसाला दंडाची पावती देणारा कायदा मी मागणार नाही. न्यूझीलंडमध्ये आधी खिसे बांधले जातात, पाट्या लागतात, मग चालकाकडून अपेक्षा केली जाते. हा क्रम उलटा केला तर नियम पुन्हा एकदा सगळ्यांत गरीब चालकाच्या खिशातून वसूल होईल.

सहापदरी रस्त्यांसाठी आपल्याकडे पैसे आहेत. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. पण कारखान्याकडे जाणारे आणि घाट चढणारे दुपदरी रस्ते तसेच आहेत, आणि २०२१ च्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणानंतर त्याच रस्त्यांवर मोटरहोमही याव्यात अशी राज्याची इच्छा आहे. त्या येतील तेव्हा आंबोली किंवा वरंध घाटात ट्रॅक्टरइतक्याच हळू चालतील, आणि त्यांच्या मागेही रांग लागेल. तेव्हा माझी मागणी साधी आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर आणि दुपदरी घाटांत दर काही किलोमीटरवर एक पक्का, डांबरी, ट्रॉलीसकट ट्रॅक्टर मावेल एवढा खिसा, त्याच्या अर्धा किलोमीटर आधी पाटी, आणि लायसन्सच्या परीक्षेत एक प्रश्न: तुमच्या मागे पाच गाड्या साठल्या आहेत, आता तुम्ही काय कराल?