चाळिशीनंतरच्या बायकांना तालीम पाहिजे

गेल्या उन्हाळ्यात गावाकडं भाच्याचं लग्न होतं. पंगत जमिनीवरच बसली. जेवण झालं आणि उठायला गेले तर मांड्यांत जोरच नाही. दोन्ही हात टेकून अंग वर ढकललं, निम्म्यात आले आणि परत खाली बसले. शेवटी वाढणाऱ्या एका पोरीनं काखेत हात घालून मला उभं केलं. माझं वय ४८. ना गुडघेदुखी, ना कसलं ऑपरेशन.

कोल्हापुरात रंकाळा तलावावर मी सहा वर्षं रोज सकाळी फिरते. पावसाळ्यात छत्री घेऊन जाते, पण खाडा नाही. दहा वर्षांपूर्वी वजन ६२ किलो होतं, आजही ६२च आहे. त्यामुळं आपण तब्येतीनं व्यवस्थित आहोत अशीच माझी समजूत होती. लग्नाहून आल्यावर तपासण्या केल्या. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून पुढं मधुमेह. कमरेचा घेर भरला ९१ सेंटिमीटर. भारतीय बायकांसाठी ८० ही हद्द धरतात, पुरुषांसाठी ९०. ज्यांना रिपोर्ट दाखवले ते डॉक्टर कागदावरनं नजर न काढता म्हणाले, "वजन ठीक आहे, रोज चालत जावा." मी सहा वर्षं चालतेय हे सांगेपर्यंत पुढच्या पेशंटचं नाव पुकारून झालं होतं.

वजन तेवढंच, मग घेर कुठनं वाढला? काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण तीन ते आठ टक्के स्नायू घटतात, आणि साठीनंतर तर आणखी भराभर. मांडीवरचं उतरलं, पोटावर चढलं, बेरीज तीच राहिली. त्यात आपली पाळी जायची वेळ. इस्ट्रोजेन कमी झालं की चरबी पोटाकडं सरकते आणि हाडंही झपाट्यानं विरळ व्हायला लागतात. शिवाय जेवल्यावर रक्तात येणारी साखर सगळ्यात जास्त उचलतात ते स्नायू. तेच आटले तर साखर जाणार कुठं?

"वयानं मेटाबॉलिझम मंदावतं गं, आपल्या हातात काही नाही," असं रंकाळ्यावर रोज कुणीतरी म्हणतं. मीही म्हणायचे. पण २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४०० हून जास्त लोकांचा अभ्यास आला. अंगातल्या स्नायूंचा हिशेब धरून बघितलं तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर असतो, असं त्यात दिसलं. म्हणजे चाळिशीवर खापर फोडून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते, तसाच आठवड्यातनं किमान दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगते. पहिलं सगळ्यांनी पाठ केलंय. दुसरं बायकांना कुणी सांगतच नाही. जिमला गेले तर तिथल्या पोरानंही मला थेट ट्रेडमिलवर चढवलं. "काकी, तुम्हाला वजनं कशाला?" म्हणाला.

मला शिकवलं ते माहेरच्या आबांनी. आबा ७८ वर्षांचे. तरुणपणी तालमीत राहून कुस्ती केलेला माणूस. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबागेत लढलेला. हे सगळं घरात असताना मला बैठक कशी मारायची हे ४८ वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं, कारण मी मुलगी. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तायडे, खुर्ची आण." खुर्ची भिंतीला टेकवली, मला तिच्यापुढं उभं केलं. "बसायचं, पण टेकायचं नाही. बूड लागलं की उठायचं. टाच खालीच ठेव, तालमीतली बैठक नंतर." काठीनं माझ्या पायांतलं अंतर सारखं करायचे, उतरताना श्वास घे, उठताना सोड म्हणायचे. पहिल्या दिवशी आठ झाल्या आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना. एक दिवस आड, दर आठवड्याला दोन-दोन वाढवत गेलो. जोर सुरू केले ते भिंतीला हात लावून. भिंतीपासून ओटा, ओट्यापासून पलंग, पलंगापासून जमीन, असं उतरत जायचं. आता पाच लिटरचे दोन कॅन हातात घेऊन अंगणात चालते. ज्यांना बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी खुर्ची घ्यावी.

नऊ महिन्यांत वजन फक्त दीड किलो उतरलं. घेर ९१ वरनं ८४ वर आला, एचबीए१सी ५.८. जमिनीवरनं हात न लावता उठते. महिन्यात दहा किलो उतरवायची पावडर विकणाऱ्या बायका इथं माझ्या मैत्रीण-यादीत आहेत, त्यांना राग येईल, तरी सांगते. उपाशी राहून जे उतरतं त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. वजन परत चढतं तेव्हा चढते ती बहुतेक चरबी.

आणि जेवणाचं बोलायलाच पाहिजे. आपल्याकडं रविवारी तांबडा-पांढरा होतो. घरातली बाई शेवटी बसते. तोवर मटणाचे खडे पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात गेलेले असतात. तिच्या वाट्याला रस्सा आणि भात. चार वाट्या रस्सा प्यायला तरी त्यात प्रथिनं कितीशी? किलोमागं दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. अंड्यात सहा ग्रॅम असतात. मी आता दोन अंडी, दुपारी मटकीची उसळ नाहीतर घट्ट डाळ आणि वाटीभर दही चुकवत नाही, आणि रविवारी माझ्या वाट्याचे खडे आधी बाजूला काढून ठेवते. पहिल्या रविवारी सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. दुसऱ्या रविवारी त्यांच्याही ताटात मीच आधी वाढलं.

कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आहे. वडणग्याची रेश्मा माने राष्ट्रकुल कुस्तीत पदक आणते तेव्हा आपण सगळे स्टेटस ठेवतो. पण त्याच पोरींच्या आयांना आणि मावश्यांना घाम गाळायला छप्पर नाही. आमच्या पेठेतल्या तालमीचा वरचा हॉल गणपतीचे दिवस आणि कार्यकर्त्यांच्या सभा सोडल्या तर दुपारी बंदच असतो. तीन ते चार, पोरं शाळेतनं यायच्या आत, एवढाच तास आम्हाला हवा आहे. चटया आमच्या, झाडलोट आम्ही करू, शिकवायला आबा तयार आहेत. तेरा जणींच्या सह्यांचा अर्ज मी सोमवारी तालमीत दिलाय. अजून उत्तर नाही. पेठेतल्या ज्या कार्यकर्त्यांपर्यंत ही पोस्ट पोचेल त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. दुसऱ्या पेठांतल्या बायकांना अर्जाचा मजकूर हवा असेल तर मी पाठवते.